वानगी नेटवर, पोतं घरात: स्टॉक फोटोग्राफरने इमेज होस्टिंग कसं वापरावं

धान्य विकायला निघालेला शेतकरी आधी मूठभर दाणे रुमालात बांधून नेतो. अडत्या ते तळहातावर पसरतो, एखादा दाताखाली फोडून बघतो, मग भाव निघतो. त्या मूठभर दाण्यांना वानगी म्हणतात. पोतं तोवर घरातच असतं.

मी फोटोंच्या बाबतीत नेमकं उलटं केलं होतं. काही वर्षांपूर्वी यावल तालुक्यातल्या एका शेतात भरीत पार्टी होती. पऱ्हाट्यांवर बामणोदची वांगी भाजून झालेली, लाकडी बडगीत मुसळीने भरीत ठेचणारा काकांचा हात, वर चढणारी वाफ, मागे उतरतं ऊन. फोटो झकास आला. रात्री घरी येऊन मी तो ६००० पिक्सेलचा मूळ आकारातला फोटो एका होस्टिंग साइटवर, म्हणजे फोटो नेटवर ठेवून दाखवायच्या साइटवर, चढवला, अल्बम सगळ्यांना खुला. लायसन्सच्या खान्यात काहीतरी निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही असं वाटलं, म्हणून नीट न वाचता, नाव दिलं की फोटो कोणीही वापरावा अशा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर टिचकी मारली. सहा महिन्यांनी हायवेवरच्या एका हॉटेलच्या फ्लेक्सवर मला काकांची अंगठी दिसली. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, "नेटवर फुकट होता भाऊ." वाईट हे की तो खोटं बोलत नव्हता. फोटोखाली माझं नाव टाकायला हवं होतं, एवढीच काय ती त्याची चूक. बाकी सगळी परवानगी मीच देऊन बसलो होतो.

तेव्हापासून फोटोच्या तीन जागा मी डोक्यात वेगळ्या ठेवतो. घरातल्या हार्ड डिस्कवरच्या मूळ फाइली म्हणजे पोतं. शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, अलामी यांसारख्या एजन्सी आपले तयार फोटो, म्हणजेच स्टॉक, वापरायची परवानगी गिऱ्हाइकाला विकतात. ते अडत्याचं दुकान, तिथे सौदा होतो. होस्टिंग साइट ही फक्त वानगी दाखवायची जागा. पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे.

आधी घरचं आवरा

होस्टिंगचं खातं उघडण्याआधी दोन संध्याकाळी फाइलींना द्या. शूटवरून आल्यावर कार्डातलं सगळं एका फोल्डरमध्ये ओता आणि निर्दयपणे निवडा. रावेरकडे केळीची कापणी शूट केली तर माझ्याकडे चारशे फ्रेम येतात, त्यातून तीस राहतात. एकसारखे दहा फोटो एजन्सीही घेत नाही आणि बघणारा तर त्याहून आधी कंटाळतो.

नावं देताना तारीख, गाव, विषय, क्रमांक असा क्रम ठेवा: २०२५०११२_रावेर_केळी_००३४. टाइप मात्र इंग्रजी लहान अक्षरांत करा, मोकळी जागा न सोडता. एजन्सीवर, होस्टिंगवर आणि डिस्कवर एका फोटोचं नाव एकच असलं की वर्षभराने कोणी "तो डोक्यावर घड घेतलेला माणूस" मागितला तर दोन मिनिटांत मूळ फाइल सापडते.

मग मेटाडेटा, म्हणजे फोटोच्या पोटात लिहिलेली माहिती. शीर्षक, वर्णन, कीवर्ड, छायाचित्रकाराचं नाव, कॉपीराइटची ओळ. हे लाइटरूममध्ये होतं. पैसे खर्चायचे नसतील तर डिजिकॅम हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातही होतं. एकदा घरी भरलं की एजन्सी आणि बहुतेक होस्टिंग साइट ते आपोआप उचलतात, दहा ठिकाणी टाइप करावं लागत नाही. यात एक खाना लोक रिकामा सोडतात: 'वेब स्टेटमेंट ऑफ राइट्स'. तुमच्या परवानगीच्या अटी जिथे लिहिल्या आहेत त्या पानाचा पत्ता तिथे टाका. २०२० पासून गुगल इमेजेसमध्ये अशा फोटोंवर परवाना मिळू शकतो असं सांगणारी खूण दिसू शकते. 'लायसन्सर यूआरएल' या खान्यात विक्रीच्या पानाचा पत्ता दिला तर फोटो कुठून घ्यायचा तेही तिथेच कळतं. जाहिरात न करता मिळणारं गिऱ्हाईक आहे ते.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की आकारही घटतो आणि पोटातली माहितीही जाते. गिऱ्हाइकाला नमुना पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अल्बमची लिंक द्या.

कीवर्ड: वांग्याला तीन नावं

कीवर्ड इंग्रजीतच लागतात, कारण शोधणारा बहुधा परगावचा, परदेशातला असतो. आपल्याला भरताचं वांगं एकच. पण अमेरिकेतला माणूस 'एगप्लांट' शोधतो, इंग्लंडमधला 'ओबर्जिन' आणि मुंबईतली जाहिरात कंपनी 'ब्रिंजल'. तिन्ही टाका. शिवाय 'भरीत' हा शब्दही टाका, कारण तो शोधणारा अगदी नेमकं काय हवं ते जाणणारा असतो. केळीच्या फोटोत 'बनाना' एवढ्यावर थांबू नका. घड, फणी, कमळ, खोड, कापणी, वाहतूक, मजूर, सगळ्यांचे इंग्रजी शब्द आधी कागदावर काढा.

अडोबी स्टॉक ४९ पर्यंत कीवर्ड घेतं आणि त्यात पहिल्या काहींना जास्त वजन असतं, म्हणून महत्त्वाचे वर ठेवा. शटरस्टॉकवर किमान ७ आणि कमाल ५० चालतात. पन्नास भरायचेच असा नेम करू नका. सातपुडा दिसत नसताना 'माउंटन' लिहिणं म्हणजे खरेदीदाराला फसवणं, आणि तो परत येत नाही.

जळगावची केळी आणि जळगावचं भरताचं वांगं या दोन्हींना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वर्णनात ते जरूर लिहा, पण माल खरंच तिथला असेल तरच. बऱ्हाणपूरच्या बागेत काढलेल्या फोटोवर जळगावचं नाव लावू नका.

साइट निवडताना

फ्लिकर २००४ चं, आज स्मगमगच्या मालकीचं. मोफत खात्यावर २०१९ पासून १००० फोटोंची मर्यादा आहे. अनेकांना ती जाचक वाटते, मला ती शिस्त वाटते. हजार वानग्या कमी नाहीत. स्मगमगला कायमचं मोफत खातं नाही, पण पासवर्डचे अल्बम, वॉटरमार्क, दाखवायचा कमाल आकार ठरवणं, थेट विक्री, हे सगळं एका जागी मिळतं. महिन्याला चार-दोन थेट गिऱ्हाइकं येऊ लागली की त्याचा विचार करा, आधी नको. ५००पीएक्सवर फोटोग्राफरच फोटोग्राफरचं कौतुक करतात असा माझा अनुभव. शिकायला उत्तम, खरेदीदार मला तरी तिथे भेटला नाही.

गुगल फोटोज हे होस्टिंग समजू नका. तिथली अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, आता १५ जीबी, तीही जीमेल आणि ड्राइव्हसकट. 'स्टोरेज सेव्हर' चालू असेल तर १६ मेगापिक्सेलहून मोठा फोटो आक्रसून ठेवला जातो. घरच्यांच्या फोटोंना चालेल, पोत्याला नाही.

आणि कुठलीही साइट कायमची नसते. फोटोबकेटने २०१७ मध्ये नियम बदलले. तिथे ठेवलेले फोटो दुसऱ्या वेबसाइटवर दाखवायचे तर वर्षाला जवळपास ४०० डॉलरची योजना घ्या, असं ठरलं. जगभरच्या लाखो पानांवर फोटोंच्या जागी राखाडी चौकट दिसू लागली. ज्यांच्या घरी मूळ फाइली होत्या त्यांनी शिव्या दिल्या आणि दुसरीकडे गेले. ज्यांची एकमेव प्रत तिथेच होती ते अडकले.

साइट घेण्याआधी म्हणून एवढं तपासा: सगळे फोटो एकगठ्ठा परत उतरवता येतात का, मूळ आकार लपवता येतो का, लायसन्स फोटोगणिक ठरवता येतं का, पोटातला मेटाडेटा टिकतो का, आणि निवडलेल्या योजनेत धंद्यासाठी वापर चालतो का. पाचवा प्रश्न मोफत खात्याच्या अटींमध्ये शोधावा लागतो. वाचायला कंटाळवाणं आहे, तरी वाचा.

वानगीची प्रत

मूळ फाइलीतून एक वेगळी प्रत काढा: लांब बाजू १६०० पिक्सेल, जेपेग, दर्जा ८० च्या आसपास, रंगासाठी एसआरजीबी. एसआरजीबी विसरलात तर नंदुरबारच्या पथारीवरची लालभडक मिरची एखाद्याच्या मोबाइलवर विटकरी दिसेल. कॉपीराइटची माहिती प्रतीत राहू द्या, जीपीएस काढून टाका. शेताचा, घराचा नेमका ठावठिकाणा जगाला कळायचं कारण नाही. सातपुड्यातल्या पक्ष्याच्या घरट्याचा तर मुळीच नाही.

वॉटरमार्कवरून फोटोग्राफरांत भांडणं होतात. एक सांगतो, आपल्याकडचे फ्लेक्सवाले १६०० पिक्सेललाही घाबरत नाहीत, ताणून छापतातच. म्हणून मी नाव टाकतो, पण कोपऱ्यात नाही, कारण कोपरा कापायला दोन सेकंद लागतात. फोटोतल्या मुख्य वस्तूच्या कडेला लागून, फिकट, पण पुसताना त्रास होईल असं.

एजन्सीला जाणारी फाइल मात्र पूर्ण आकाराची आणि कोरी. अडोबी आणि शटरस्टॉक दोघांनाही किमान ४ मेगापिक्सेल लागतात. वॉटरमार्कची प्रत चुकून तिकडे गेली तर सरळ परत येते. माझी गेली आहे.

खात्यातली तीन बटणं

खातं उघडलं की फोटो चढवण्याआधी सेटिंग्जमध्ये जा.

पहिलं, मूळ फाइल कोण बघू शकतो: फक्त तुम्ही. दुसरं, डाउनलोड: बंद. स्क्रीनशॉट कोणी घेऊ शकतो हे खरं, पण दार सताड उघडं ठेवणं आणि कोणीतरी भिंत चढून येणं यात फरक आहे.

तिसरं, लायसन्स: 'ऑल राइट्स रिझर्व्ड', आणि हेच कायमचं डीफॉल्ट. क्रिएटिव्ह कॉमन्स वाईट नाही. गावच्या शाळेला, विकिपीडियाला फोटो द्यायचे असतील तर ते सुंदर साधन आहे. पण ते मागे घेता येत नाही. काकांच्या फोटोचं लायसन्स मी त्याच दिवशी बदललं, तरी ज्यांनी आधी घेतला त्यांचा हक्क तसाच राहिला. आणि एखाद्या कंपनीने "हा फोटो फक्त आम्हालाच हवा" म्हटलं तर तो मी आयुष्यभर विकू शकत नाही. दान करायचे फोटो वेगळे काढा, वेगळ्या अल्बममध्ये ठेवा.

हा फोटो तुमचा आहे का?

खानदेशातले बहुतेक स्टॉक फोटोग्राफर लग्नसराईवर जगतात, मीही. हळदीचे, मांडवाचे, वरातीचे फोटो हाताशी असतात आणि मोह होतो. थांबा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. कॅमेरा तुमचा, घाम तुमचा, मालकी वधूपित्याची. माझ्या ऑर्डर बुकात म्हणून आता एक ओळ छापलेली आहे, कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील अशी, आणि ती मी सही घेण्याआधी मोठ्याने वाचून दाखवतो. तरीही नवरीचा फोटो स्टॉकवर टाकत नाही. मेंदीचे हात, वाजंत्रीवाल्याचा सनईवरचा हात एवढंच, तेही विचारून.

स्वतःसाठी काढलेल्या फोटोत कोणी ओळखू येत असेल आणि तो जाहिरातीसाठी विकायचा असेल तर मॉडेल रिलीज लागतो: त्या माणसाची सही, साक्षीदाराची सही, आणि मूल असेल तर आईबापाची. एजन्सीचे फॉर्म इंग्रजीत असतात. मी सोबत मराठीत अर्धं पान ठेवतो. शिरपूरकडे एका आजोबांनी कापसाच्या गाठोड्यावर बसून विचारलं, "मना फोटूनं काय करशी भाऊ?" मी सांगितलं, औषधाच्या जाहिरातीत येईल, बँकेच्या येईल, कुठल्या येईल ते मलाही कळणार नाही. त्यांनी थोडा विचार करून चेहऱ्याला नाही म्हटलं, हातांना हो म्हटलं. पथारीवर मिरची निवडणाऱ्या बायकांना किंवा केळी भरणाऱ्या मजुरांना एवढं स्पष्ट सांगितल्याशिवाय अंगठा घेऊ नका. सही झालेला कागद स्कॅन करून फोटोच्याच नावाने ठेवा, पण होस्टिंगवर चढवू नका. त्यावर लोकांचे पत्ते असतात.

सही नसेल तर फोटो 'एडिटोरियल' म्हणून जातो, म्हणजे बातमी, लेख, पाठ्यपुस्तक. सारंगखेड्याचा घोडेबाजार, काठी गावची होळी, कानबाईची मिरवणूक हे सगळं त्यात. शटरस्टॉकला अशा फोटोची ओळ ठरावीक साच्यात लागते: गाव, राज्य, देश, मग तारीख, मग कोलन (:) देऊन काय चाललंय ते. होस्टिंगवरही हाच साचा ठेवला तर कॉपी करता येतं.

आपल्या शेतातल्या फोटोंची एक खास अडचण: ठिबकच्या नळीवर दर वीतभर अंतरावर कंपनीचं नाव छापलेलं असतं. औषधाच्या पंपावर, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, खताच्या गोणीवर, मजुराच्या टोपीवरही. जाहिरातीच्या वापरासाठी हे सगळं पुसावं लागतं. शेतात असतानाच नळीवर पाचोळा सरकवला तर रात्रीचा एक तास वाचतो.

अल्बम, आणि थेट गिऱ्हाईक

'रावेर शूट जानेवारी' असा अल्बम तुमच्यासाठी असतो, गिऱ्हाइकासाठी नाही. त्याला हवं असतं 'केळी: लागवड ते ट्रक'. एका विषयाचे वीस-पंचवीस फोटो, उभे आणि आडवे मिसळून, काहींत मजकूर टाकायला मोकळी जागा. प्रत्येक फोटोखाली मराठीत एक ओळ, इंग्रजीत एक, आणि एजन्सीवर तो विकायला असेल तर तिथली लिंक. साइटच्या अटींत अशा लिंकला परवानगी आहे ना, ते तेवढं बघा.

थेट चौकशी आली की काय करायचं ते असं. समजा, केळी निर्यात करणाऱ्या एका कंपनीला माहितीपत्रकासाठी चार फोटो हवेत. मी त्यांच्यासाठी एक न दिसणारा अल्बम बनवतो, ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच उघडणारा, त्यात पंधरा वानग्या. ते क्रमांक कळवतात. मग मेलवर चार गोष्टी लिहून घेतो: कुठे छापणार, किती काळ, फक्त त्यांनाच की इतरांनाही विकता येईल, आणि रक्कम. पैसे जमा झाल्यावर मूळ फाइलींची लिंक जाते, सात दिवसांनी मी ती बंद करतो. "आधी फाइल टाका, पेमेंट आपलंच आहे" म्हणणारा माणूस ओळखीचा असला तरी क्रम बदलत नाही. ओळखीचा असला तर जास्तच नाही.

एक फोटो कोणाला 'फक्त तुम्हालाच' म्हणून दिला, तर त्याच दिवशी तो एजन्सीवरून काढा आणि अल्बममधूनही.

चढवताना

२४ मेगापिक्सेलची जेपेग साधारण १२ एमबी धरा. पाचशे फोटो म्हणजे ६ जीबी. अपलोडचा वेग २ एमबीपीएस असेल तर पावणेसात तासांच्या आसपास लागतात. गावात एवढा वेळ लाइट राहील याची खात्री कोण देणार? म्हणून पोतं कधीच चढवायचं नाही, वानगी चढवायची. १६०० पिक्सेलची प्रत अर्ध्या एमबीच्या आसपास बसते, पाचशे फोटो अडीचशे एमबीत, सतरा-अठरा मिनिटांत जातात, आणि तेही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. एजन्सीला मोठ्या फाइली पाठवायच्या त्या ब्राउझरमधून नको. एफटीपीच्या, म्हणजे फाइली थेट पाठवायच्या, सॉफ्टवेअरने रात्री लावून द्या, मध्ये तुटलं तर तिथूनच पुढे सुरू करता येतं.

पैशांचं एकच सांगतो. अमेरिकन एजन्सीवर डब्ल्यू-८बेन हा कराचा फॉर्म पॅन टाकून भरा. भारत-अमेरिका करारामुळे तिथल्या विक्रीच्या रॉयल्टीवर ३० ऐवजी १५ टक्के कपात होते. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि लोक वर्षानुवर्षं करत नाहीत.

चोरी सापडली तर

दर दोन महिन्यांनी आपले चांगले वीस फोटो गुगल लेन्स आणि टिनआयवर टाकून बघा. फोटो कुठे दिसला तर लगेच भांडू नका. आधी ती विक्री एजन्सीकडून तर झाली नाही ना, ते पाहा, नाहीतर स्वतःच्याच गिऱ्हाइकाला धमकी जाते. मग पानाचा स्क्रीनशॉट, पत्ता आणि तारीख जपून ठेवा, आणि सभ्य मेलसोबत बिल पाठवा. बरेच जण पैसे देतात किंवा फोटो काढतात. काहीच उत्तर नाही आलं तर ज्या साइटवर फोटो आहे तिला लेखी तक्रार करा. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५ नुसार रीतसर तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत तो मजकूर रोखणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. तुमच्याकडे मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली फाइल, असणं हा इथे सगळ्यात बळकट पुरावा. पोतं घरी का, त्याचं हे आणखी एक कारण.

आखाजीची तपासणी

आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतं. मी होस्टिंगचं सालही त्याच दिवशी बघतो: योजना कधी संपते, नियम बदलले का, रिकव्हरीचा मोबाइल नंबर अजून माझाच आहे का. मग सगळा होस्टिंगचा साठा एकदा उतरवून घेतो. मूळ फाइलींच्या तीन प्रती असतात, दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक बहिणीकडे धुळ्याला. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत डिस्क ठेवू नका.

शेवटी डोळे मिटून दहा फाइली निवडतो आणि उघडून बघतो. मागच्या आखाजीला दहातली एक उघडली नाही, अर्धा फोटो आणि खाली राखाडी पट्टे. धुळ्याच्या डिस्कवर ती शाबूत होती. बहिणीने पाठवली, जागेवर ठेवली, मग रसपोळीला बसलो.